दोन तासांची पट्टी

आईला स्ट्रोक आला आणि बावीस दिवसांनी घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट दोनदा सांगितली. औषधाची वेळ एखाद्या दिवशी मागेपुढे झाली तर सांभाळून घेऊ, पण कातडी सांभाळा. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, मग पाठ, मग उजवी. एकाच अंगावर जास्त वेळ पडून राहिली की कातडी लाल होते, लाल झालेली फुटते, आणि या वयात फुटलेली कातडी लवकर भरत नाही. हवेची गादी घ्या, पण गादीवर विसंबू नका, असंही म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पवईच्या ऑफिसात पंधरा वर्षं मीटिंगांमध्ये मी मुख्यतः तेच केलं आहे.

बाकी माझं काम दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. लोक प्रोग्राम लिहितात, मी तो मोडून दाखवतो. कुठलं बटण दाबलं की काय बिघडतं, हे मला आधी दिसतं. लग्न केलं नाही. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांच्या घरात आई आणि मी. मोठी बहीण बोरिवलीला, तिचं घर, तिची मुलं, तिचे सासू-सासरे. ती दर बुधवारी यायची आणि आल्यापासून जाईपर्यंत आमच्या घरातल्या चुका शोधायची. हा गुण आमच्या रक्तातच असावा.

सोमवार ते शनिवार एक मावशी यायच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. मूळच्या हिंगोलीकडच्या, आता माहुलच्या इमारतींत राहायच्या आणि दोन बस बदलून आमच्याकडे पोचायच्या. बारीक अंगाच्या, बोलणं कमी, आईला एका हाताने उचलून बसवायच्या. आमच्याकडे त्यांचा चहाचा कप वेगळा होता, निळ्या काठाचा. त्यांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि आम्हीही कधी काही म्हटलं नाही.

मावशींची एक पद्धत होती. आईला ज्या कुशीवर निजवलं असेल, त्या बाजूच्या चादरीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा. पाठीवर असली की चिमटा पायाशी. कूस बदलली की चिमटा हलवायचा. त्यामुळे बाई बदलली, माणूस बदललं, कुणीही खोलीत आलं तरी एका नजरेत कळतं की आता कुठल्या अंगावर वळवायचं. वेळ त्या मोबाइलवर बघत, पण बघायची गरज क्वचितच पडे. पाणी आलं, कचऱ्याची गाडी आली, समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली, की त्यांचा हात आपोआप आईच्या खांद्याखाली जायचा.

"मावशी, झकास टेक्नॉलॉजी आहे तुमची," मी एकदा म्हणालो.

"याला चार्जिंग लागत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "रविवारी मी नसते, तेवढा हलवत जा. सोमवारी आले की मला कळतं कुठून सुरू करायचं."

रविवार माझा होता. आणि रविवारी दुपारी तीनला माझा खेळही असायचा.

हे नीट सांगायला हवं, कारण त्रेचाळीस वर्षांचा माणूस कॉम्प्युटरवर राक्षस मारतो म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ठाऊक आहे. हा खेळ ऑनलाइन असतो. आम्ही वीस जण, अंधेरीचे, घाटकोपरचे, नागपूरचे, एक दुबईचा. एकमेकांना कधी भेटलेलो नाही. कानाला हेडफोन लावून, एकमेकांशी बोलत, आम्ही मिळून एका अवाढव्य राक्षसावर तुटून पडतो. कुणी तलवार चालवतो, कुणी जादू. मी बरं करणारा. एकोणीस लोकांच्या जखमांवर लक्ष ठेवायचं आणि कुणी मरायच्या आत त्याला बरं करायचं, हे माझं काम. त्यात मी चांगला होतो. टोळीचा म्होरक्या, घाटकोपरचा एक हिऱ्यांचा दलाल, सगळ्यांसमोर म्हणायचा, "हा आहे म्हणून आपण आहोत रे." आयुष्यात दुसऱ्या कुणी मला हे म्हटलेलं नाही.

राक्षस ठराविक वेळाने ठराविक गोष्टी करतो. अमुक सेकंदांनी आग ओकतो, तमुक सेकंदांनी जमीन फोडतो. हे लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून एक जोडप्रोग्राम मिळतो. तो खेळाला जोडायचा, की पडद्याच्या उजव्या बाजूला रंगीत पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे येऊ घातलेलं एक संकट. पट्टी आखडत जाते, शेवटी लाल होते, आणि एक बाई कानात सांगते, पाच, चार, तीन. तेवढ्यात तुम्ही बाजूला व्हायचं. त्याला आम्ही नुसतं टायमर म्हणायचो. टायमर असला की डोकं वापरावं लागत नाही. पट्टी लाल झाली की हला, नाही झाली की हलू नका.

या टायमरमध्ये एक सोय होती, स्वतःची पट्टी लावायची. कुणीतरी गॅसवरच्या कुकरसाठीच ती केली असणार. आई घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी एक पट्टी लावली. नाव दिलं 'आई', वेळ दिली दोन तास, रंग दिला हिरवा. राक्षसाच्या आगीच्या वर, सगळ्यात उंच, आईची पट्टी हळूहळू आखडत जायची. लाल झाली की मी माइकवर म्हणायचो, "दोन मिनिटं," आणि उठायचो. टोळीलाही सवय झाली. "आईची वेळ झाली का रे?" म्होरक्या विचारायचा. परत येऊन मी पट्टी पुन्हा लावायचो. मावशींना मोठ्या कौतुकाने दाखवलंही. त्यांनी पडदा बघितला, आग ओकणारा राक्षस बघितला, आणि म्हणाल्या, "चिमटापण हलवा."

मोबाइलचा साधा गजर का नाही लावला, हे मला नंतर कुणीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. रात्री लावायचो. रविवारी दुपारी नाही, कारण हेडफोनमधून तो ऐकू येत नसे, आणि खरं सांगायचं तर माझी पट्टी गजरापेक्षा हुशार आहे असं मला वाटत होतं. चार महिने ती एकदाही चुकली नव्हती.

त्या शनिवारी संध्याकाळी मी टायमरची साफसफाई केली. एका राक्षसापुढे आम्ही अडकलो होतो. सगळे मेलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं असतं, आणि मागच्या लढाईच्या अर्धवट पट्ट्या पडद्यावर तशाच राहून नवीन पट्ट्यांमध्ये घोळ घालायच्या. सेटिंगमध्ये एक चौकट सापडली. लढाई संपताच सगळ्या पट्ट्या पुसा. मी तिथे खूण केली. पडदा स्वच्छ झाला, मला बरं वाटलं. ऑफिसात अशी खूण बघितली की माझा पहिला प्रश्न असतो, सगळ्या म्हणजे कोणकोणत्या? घरी हा प्रश्न मला पडला नाही.

रविवारी अडीचला आईला जेवणानंतर डाव्या कुशीवर वळवलं. चिमटा डावीकडे लावला. तिच्या चांगल्या हाताशी, म्हणजे डाव्या हाताशी, चमचा ठेवला. स्ट्रोकनंतर तिची वाचा गेली होती. काही हवं असलं की ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवायची. मग मी माझ्या खोलीत येऊन दोन तासांची हिरवी पट्टी लावली आणि हेडफोन घातले.

तीनला लढाई सुरू झाली, सव्वातीनच्या आत आम्ही सगळे मेलो. सगळ्या पट्ट्या पुसल्या गेल्या, त्यात हिरवीही. मी ते बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. नसलेली गोष्ट कशी बघणार? पुढच्या लढाईच्या पट्ट्या आल्या, आग, जमीन, आग, आणि वर काहीच नव्हतं, आणि माझ्या डोक्याला चार महिन्यांत एवढंच शिकवलं गेलं होतं की वर काही लाल नाही म्हणजे अजून वेळ आहे.

पाचच्या सुमाराला म्होरक्याने चहाची सुट्टी दिली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. एक कप. जाता-येता आईच्या खोलीच्या दारातून तिची पाठ दिसली, पांघरूण सरळ होतं, वाटलं झोपली आहे. समोरच भिंतीवर घड्याळ आहे, मोठ्या आकड्यांचं, आईला दिसावं म्हणून ताईनेच आणून लावलेलं. दारातून ते मलाही दिसतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असेल तर वाचलं नाही.

त्या दिवशी आम्ही राक्षस मारला. साडेसातला काही मिनिटं कमी असतील. कानात एकोणीस माणसं ओरडत होती, दुबईवाला चक्क रडत होता. म्होरक्या म्हणाला, "एक माणूस मेला नाही यार! सगळ्यांना जिवंत ठेवलंस!" मी हेडफोन काढले, तेव्हा घरात शांतता होती.

चमचा जमिनीवर पडलेला होता. पलंगापासून हातभर लांब, म्हणजे नुसता निसटला नव्हता. आई जागी होती. कठड्याला तिने बोटांनी धरलं होतं आणि ती घड्याळाकडे बघत होती. मी आत गेल्यावर माझ्याकडे बघितलं. डायपर कधीचा ओला होता. मी तिला पुसली, बदलली, उजव्या कुशीवर वळवली. डाव्या खुब्यावर हाताच्या तळव्याएवढं लाल झालं होतं. मी पावडर लावली. चमचा उचलून धुतला, तिच्या हाताशी ठेवला. आणि चिमटा उजवीकडे हलवला, अगदी नीट, जिथे असायला हवा होता तिथे.

मला तेव्हा काय वाटलं? काहीही नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपल्याच दाताखाली येतो आणि कळत नाही, तसं होतं. आपण चावतो आहोत एवढं समजतं, दुखत नाही.

सोमवारी सकाळी मावशींनी अंग पुसताना मला हाक मारली. लाल जागेवर त्यांनी बोट दाबून धरलं आणि उचललं. बाकीच्या कातडीवर दाबलं की ती पांढुरकी होऊन पुन्हा रंगावर येते. ही आली नाही. लाल ती लालच राहिली.

"काल कूस बदलत होता ना, दादा?"

"हो," मी म्हणालो. "दर दोन तासांनी."

त्यांनी चिमट्याकडे बघितलं. तो बरोबर जागी होता. त्यांनी टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवला.

मंगळवारी तिथे फोड आला. बुधवारी ताई आली तेव्हा तो फुटला होता. ताईने चादर वर केली, बघितलं, आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. ती मावशींना बोलली. लक्ष कुठे असतं तुमचं, पैसे कशाचे घेता, मोबाइलवर व्हिडिओ बघत बसता का दिवसभर. मावशी हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"ताई, शनिवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा कातडी चांगली होती," एवढंच त्या म्हणाल्या.

"एका दिवसात होतं का असं?" ताई म्हणाली.

होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, काही तास पुरतात. मी दारात उभा होतो. मावशींनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं. आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. मी बोललो नाही. भीती वाटली म्हणून नाही. तोंड उघडायचं सुचलंच नाही. कुणीतरी मोजेल पाच, चार, तीन, मग मी बोलेन, असं काहीतरी आत चाललं असावं.

दुपारी ताईने मावशींना त्या दिवसापर्यंतचा हिशेब देऊन पाठवून दिलं. जाताना त्यांनी आईच्या पायावरून हात फिरवला, चिमटा पायाशी लावला, कारण आई तेव्हा पाठीवर होती, आणि चपला घातल्या.

जखम भरायला पाच महिने लागले. एक नर्स दिवसाआड ड्रेसिंगला यायची. तिने जुनी पट्टी काढली की मी आईचा हात धरायचो. आई ओरडू शकत नव्हती, तिच्या घशातून नुसता वारा यायचा. मी तो ऐकला. एकदा जखमेत तळाशी पांढरं दिसलं आणि नर्सने डॉक्टरांना फोन लावला. त्या संध्याकाळी मी खेळ काढून टाकला. टोळीतून महिनाभर निरोप येत होते. आईची तब्येत कशी आहे, तुझ्याशिवाय वाट लागली यार, वगैरे. मी उत्तर दिलं नाही. काढून टाकण्याआधी ती सेटिंग मात्र पुन्हा उघडून बघितली होती. पुसण्याच्या चौकटीच्या अगदी खाली दुसरी चौकट होती. स्वतः लावलेल्या पट्ट्या वगळा. रिकामी.

आया पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाया येत गेल्या. एक तीन दिवस टिकली, एक दोन आठवडे. एक तर आईला ओढूनच वळवायची. शेवटी गेल्या महिन्यात, एका बुधवारी, ताई आईच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्या मावशींना फोन करून बघ. येतात का विचार. थोडे जास्त देऊ."

मी तिथेच, आईच्या खोलीत, फोन लावला.

"जय भीम. कोण?"

मी सांगितलं कोण. त्यांनी मग विचारलं, "आजींची जखम?"

"भरली. मावशी, तुम्ही परत येता का?"

घाटकोपरला काम लागलं होतं त्यांना. एक आजोबा आहेत, माणसं चांगली आहेत. सोडता येणार नाही म्हणाल्या. मी बरं म्हणालो. फोन ठेवायचा तो ठेवला नाही.

"मावशी, त्या रविवारी मी कूस बदलली नव्हती."

"माहीत आहे, दादा."

"कसं?"

"चिमटा जागेवर होता, म्हणून आधी वाटलं तुमचं खरं असेल. मग तुम्ही ऑफिसच्या फोनवर होता तेव्हा आजींना विचारलं, काल एका कुशीवर किती वेळ होता? त्यांनी पाच बोटं दाखवली."

अडीच ते साडेसात. घड्याळ समोरच होतं. तिने मोजले होते.

"मग त्या दिवशी ताईसमोर बोलला का नाहीत?"

"तुम्ही होता ना तिथं," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, आता बोलाल, मग बोलाल. घाई कशाला करावी. मग तुम्ही काही बोललाच नाहीत." आणि त्यांना कुणीतरी आतून हाक मारली, तेव्हा "आजींना सांगा मी विचारलं म्हणून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताईच्या घड्या चालूच होत्या. एका बाजूचं बोलणं तिने ऐकलंच होतं. मी वळून तिला तेच पुन्हा सांगितलं, त्या रविवारी मी कूस बदलली नव्हती, पाच तास. सहा महिने तोंडातून न निघालेलं वाक्य एका दुपारी दोनदा निघालं, आणि दोन्ही वेळा ते अगदी छोटं होतं.

"माहितीये," ताई म्हणाली. "मावशी रविवारी नसायच्या. तेवढं गणित मला येतं."

"मग त्यांना का काढलंस?"

तिने चादरीची कडा कडेला जुळवली, हनुवटीखाली धरली, घडी घातली.

"कुणाला तरी काढायला हवं होतं ना रे. तुला काढता आलं असतं का मला?"

मला लाज वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि ती सगळी एकदम आली. माझे कान गरम झाले आणि मी कठडा धरला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर निळ्या काठाचा कप अजून आहे. ब्युरोच्या सगळ्या बायांना आम्ही त्यातच चहा देत आलो.

आईने चमचा वाजवला. ती पलंगावर सगळं ऐकत होती. मी घड्याळाकडे बघितलं, चार वाजून गेले होते, दोन तास झाले होते. ताईने तिला खांद्यांकडून धरलं, मी गुडघ्यांकडून, आणि आम्ही तिला उजव्या कुशीवर वळवलं. माझे हात अजून आईच्या गुडघ्यांखाली होते, म्हणून चिमटा ताईने हलवला.